आधी तक्रारी संपू देत

कोणी मिशनचं काम करतं असं कळलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती जणांना बाटवलं? मध्य प्रदेशात तर जास्तच, इथे धर्मांतराविरुद्धचा कायदा १९६८ चा, मग २०२१ मध्ये त्याहून कडक आला, त्यामुळे चर्चचं माणूस एखाद्याच्या घरी दोनदा गेलं तरी गल्लीत कुजबुज सुरू. मी स्वतः देवळात जाणारी, गणपतीत अथर्वशीर्षाची आवर्तनं करणारी बाई आहे, त्यामुळे मी कोणाची वकिली करायला बसलेली नाहीये. पण मला जे मिशनचं काम जवळून बघायला मिळालं त्यात बाप्तिस्मा नावाला नव्हता, आणि तरीही ते काम मिशनचंच होतं असं मला वाटतं, म्हणून लिहितेय.

आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरात मागच्या गल्लीत एक मावशी राहतात. मराठी ख्रिश्चन, माहेर नगरचं. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ पासून होतं, मावशींच्या घराण्यात चार पिढ्यांपासून शिक्षक आणि नर्स असं चालत आलेलं. लग्न होऊन इंदूरला आल्या, शाळेत गणित शिकवलं, रिटायर झाल्या. आता नगरचं नाव अहिल्यानगर झाल्यापासून त्या म्हणतात, बघ, मी पण अहिल्याबाईंसारखीच, माहेर तिकडे सासर इकडे, फक्त राजवाडा तेवढा मिळाला नाही. तर या मावशी रिटायर झाल्यापासून जेलमध्ये जातात. परवानगी काढून, रजिस्टरमध्ये सही करून, बॅगेत बायबल असतं पण ते बाहेर काढायचं कोणी विचारलं तरच, असा त्यांचा नियम. बाकी वेळ नुसतं ऐकायचं.

मला वाटायचं की हे लोक जाऊन सांगत असतील, बाळा तू पाप केलंस, पश्चात्ताप कर, देव क्षमा करेल. सिनेमात तसंच असतं ना, पाद्री येतो, दोन वाक्यं बोलतो, कैदी ढसाढसा रडतो. मावशींना हे सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, अगं तिथे कोणीच गुन्हेगार नसतो, सगळे फसवले गेलेले असतात.

एक मुलगा होता. नाव त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दारू पिऊन मामाची गाडी चालवत होता, रात्री सांवेर रोडवर एका माणसाला उडवलं, तो माणूस गेला. सदोष मनुष्यवधाचं कलम, ३०४ चा दुसरा भाग लागला, शिक्षा झाली, वर अपील चालू. मावशी पहिल्यांदा भेटल्या तेव्हा तो बोलायला लागला आणि थांबेचना. रस्त्यावर लाइट नव्हती. ठेकेदाराने खडी तशीच टाकून ठेवली होती. मित्रांनी आग्रह करून पाजली आणि नंतर एकही साक्षीला आला नाही. पोलिसांनी उगाच मोठं कलम लावलं. वकिलाने पैसे घेतले आणि तारखेला ज्युनिअर पाठवला. मामा भेटायलाच येत नाही. दर भेटीला हेच, क्रम मागेपुढे, पण यादी तीच, आणि सगळ्यात जास्त वेळ वकिलावर.

आता यातलं खोटं काय होतं? बरंचसं खरंच होतं. लाइट नसेल, ठेकेदार तसाच असेल, मित्र तर तसेच असतात. मावशी म्हणतात की हीच तर अडचण आहे, माणसाची तक्रार खोटी असती तर खोडून काढता आली असती, खरी असते म्हणून ती त्याला घट्ट धरून ठेवते. जोपर्यंत ‘माझ्याशी त्यांनी असं केलं’ हे बोलून संपत नाही तोपर्यंत ‘मी केलं’ला जागाच होत नाही. आणि बाहेरून आलेल्या माणसाने मध्येच तोंड घालून म्हटलं, ते सगळं जाऊ दे, तू मारलंस ना, की संपलं, तो अजून एक सरकारी वकील झाला. किंवा त्याहून वाईट, मुलगा हुशार असला तर तुम्हाला हवं ते बोलून दाखवतो, डोळ्यांत पाणी वगैरे आणतो. मावशींच्या मते कार्बाइड घालून पिकवलेली केळी असतात तशी ही माफी, वरून पिवळी, सोलली की कळतं.

हे ऐकल्यावर मला आमच्या इंदूरचीच एक गोष्ट वेगळी दिसायला लागली. राणी मारियाची. जुन्या लोकांना आठवत असेल, २५ फेब्रुवारी १९९५. केरळातून आलेली फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाची सिस्टर, देवास जिल्ह्यात उदयनगरला काम करायची, आदिवासींना सावकाराच्या कर्जातून सोडवायचं, बँकेचं कर्ज कसं घ्यायचं ते शिकवायचं, बचत गट, जमिनीचे कागद, असलं सगळं. साहजिकच काही लोकांना ती नको झाली. उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, भर दिवसा, लोकांच्या देखत समंदर सिंह नावाच्या माणसाने तिला चाकूने भोसकलं. अंगावर चोपन्न जखमा होत्या. बसमधल्या कोणी हात धरला नाही. ती एक्केचाळीस वर्षांची होती.

पुढचं पण पेपरात येऊन गेलेलं आहे. त्याला जन्मठेप झाली. तिची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तीही त्याच संघातली, २००२ मध्ये राखीच्या सुमारास इंदूरच्या जेलमध्ये गेली आणि त्याला राखी बांधून आली. मग राणी मारियाच्या घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी राज्यपालांकडे शब्द टाकला, २००६ मध्ये तो सुटला, २००७ मध्ये केरळात तिच्या आईवडिलांच्या घरी जाऊन आला. ४ नोव्हेंबर २०१७ ला सेंट पॉल स्कूलच्या मैदानावर राणी मारियाला ‘धन्य’ घोषित केलं, कॅथलिक लोकांत संतपदाच्या आधीची पायरी असते ती, रोममधून कार्डिनल आले होते, आणि त्या सोहळ्याला तो मारेकरीही हजर होता.

ही गोष्ट सांगताना सगळे राखीपाशी थांबतात, मी पण थांबायचे. राखी आहेच तशी. पण मावशींनी माझं लक्ष एका तिसऱ्याच माणसाकडे वळवलं. स्वामी सदानंद म्हणून एक कॅथलिक फादर होते, साधूसारखे राहायचे, ते राखीच्या आधीपासून समंदर सिंहला जेलमध्ये जाऊन भेटत होते. आणि तो तेव्हा कुठल्या अवस्थेत होता? पश्चात्तापाच्या तर मुळीच नाही. घर विस्कटलं होतं, आणि ज्याने चिथावून हे करायला लावलं तो माणूस बाहेर मोकळा फिरतोय हा राग डोक्यात होता. सुटलो की त्याला मारणार, एवढंच ठरलेलं. म्हणजे एका खुनानंतर दुसऱ्याची तयारी. स्वामींनी आधी त्या रागावर काम केलं. त्याला आधी स्वतःला कोणालातरी माफ करावं लागलं, तेव्हा कुठे राखी बांधून घेण्याएवढा त्याचा हात मोकळा झाला.

हे मला कोणी आधी असं सांगितलंच नव्हतं. आपण समजतो की अपराधी म्हणजे माफी मागणारा आणि ज्याचं नुकसान झालं तो माफी देणारा, सरळ हिशोब. पण जवळ जाऊन बघितलं तर अपराध्याच्या खिशातही कोणाकोणाची उधारी असते, आणि ती वसूल झाल्याशिवाय तो स्वतःची उधारी मानायलाच तयार नसतो, आणि ती वसूल तर कधीच होत नाही, मग कोणीतरी बसून त्याला ती सोडून द्यायला मदत करावी लागते. हे काम दिसत नाही. याचा फोटो निघत नाही. राखीचा निघतो.

तसं बघायला गेलं तर हे आपल्याला नवीन नाहीये. वाल्या कोळ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी आजीच्या मांडीवर ऐकलीय, एक माणूस मारला की रांजणात एक खडा, असे सात रांजण भरले. नारद भेटतात तेव्हा वाल्याचं म्हणणं काय असतं, मी हे बायकोमुलांसाठी करतो. नारद त्याला पापपुण्य शिकवत बसत नाहीत, फक्त म्हणतात, जा, घरी विचारून ये की या पापात वाटेकरी होणार का, मी इथेच बांधलेला थांबतो. आणि थांबतात! मला लहानपणी मरा-मराचं राम-राम कसं झालं तेवढंच भारी वाटायचं. आता वाटतं की गोष्टीतलं सगळ्यात अवघड काम नारदांचं, झाडाला बांधून घेऊन खुनी माणसाची वाट बघत बसण्याचं. घरचे नाही म्हणतात, ‘यांच्यासाठी’ हा टेकू निघतो, आणि मग वाल्याजवळ फक्त वाल्या उरतो.

आणि याच्या बरोब्बर उलट टोकाला आपलंच पंचहौद मिशनचं चहाप्रकरण. १८९० मध्ये पुण्यात मिशनच्या कार्यक्रमाला बडी बडी मंडळी गेली, टिळक, रानडे सगळे, तिथे चहा-बिस्किटं आली, आणि गोपाळराव जोशींनी नावं पेपरात छापून आणली की हे बघा मिशनऱ्यांचा चहा प्यायले. मोठं ग्रामण्य झालं, म्हणजे जातीबाहेर टाकायचा वाद, तो शंकराचार्यांपर्यंत गेला. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं दाखवलं, रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं आणि सुधारकांची बोलणी खाल्ली. मजा ही की यात चहा प्यायल्याचं वाईट एकालाही वाटलेलं नव्हतं. प्रायश्चित्त पूर्ण, पश्चात्ताप शून्य. मी काही त्या लोकांना नावं ठेवत नाहीये, त्या काळात घरच्या श्राद्धाला ब्राह्मण मिळणं, मुलीचं लग्न जमणं यावर अडकलेलं असायचं. पण विधी उरकला की आतलं काही हललं असं समजायची आपली सवय जुनी आहे, आणि ती सगळ्याच धर्मांत आहे, मावशी स्वतः सांगतात की त्यांच्या चर्चमध्येही ‘आम्हांला क्षमा कर’ हे म्हणताना अर्ध्या लोकांचं लक्ष घड्याळाकडे असतं.

तर तो मुलगा. बरेच महिने वकील, ठेकेदार, मामा हेच चाललं. मावशी कंटाळायच्या, मला सांगायच्या पण, आज पुन्हा वकील ऐकून आले. मग हळूहळू यादी आखूड व्हायला लागली, एकेक माणूस गळायला लागला. आणि एक दिवस तो बराच वेळ गप्प बसला आणि त्याने विचारलं, ते म्हातारे होते का?

इतक्या महिन्यांत त्या मेलेल्या माणसाबद्दलचा हा पहिला प्रश्न. केसचे सगळे कागद त्याच्याकडे होते, त्यात वय लिहिलेलं असणारच, पण त्याने ते वाचलंच नव्हतं, किंवा डोळ्यांखालून गेलं असेल पण दिसलं नसेल. मावशींनाही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, विचारून सांगते.

मग मला त्यांनी ॲक्टिवावर घेऊन जायला सांगितलं, म्हणून मी यात आले. सांवेरकडचं एक गाव, पावसाळा नुकताच संपलेला, दोन्ही बाजूला सोयाबीन काढायला आलेलं. त्या मुलाने एक चिठ्ठी लिहून दिली होती ती मावशींच्या पर्समध्ये होती. मला वाटलं आता मोठा प्रसंग होणार, चिठ्ठी वाचली जाणार. घरात त्या माणसाची बायको होती, सून होती, एक मुलगा शेतात. मावशींनी आपण कोण, जेलमध्ये जातो, त्या मुलाला ओळखतो, हे सगळं आधीच स्पष्ट सांगितलं, आडपडदा ठेवला नाही, आणि नको असेल तर आत्ता उठून जातो म्हणाल्या. ती बाई काही बोलली नाही, पण सुनेला चहा ठेवायला सांगितला.

आणि मग तिचीही यादी सुरू झाली! अपघाताच्या भरपाईची क्लेम केस अडकलीय. वकील तारखेला येत नाही (इथे मला मावशींकडे बघायची हिंमत झाली नाही). पोस्टमॉर्टेमच्या कागदासाठी चार खेपा. विम्याचे कागद समोरची पार्टी देत नाही. आणि कोर्टात त्यांनी लिहून दिलंय की म्हातारा अचानक गाडीला आडवा आला. ती मालवीत बोलत होती, मला अर्धं कळत होतं, पण हे वाक्य ती तीनदा बोलली. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, आयुष्यभर त्याच रस्त्याने दूध घालायला गेला, तो अचानक आडवा येईल का?

मावशींनी चिठ्ठी पर्समधून काढलीच नाही. परत येताना मी जरा चिडूनच विचारलं, एवढ्या लांब आलो, दिली का नाही? तर म्हणाल्या, तिने मागितली का? मुलाच्या मनावरचं ओझं उतरवायला मी तिच्या डोक्यावर ठेवू का? हे मला अजून आठवतं, कारण आपल्याकडे माफी मागणाऱ्याचं इतकं कौतुक असतं की ज्याच्याकडे मागायची त्याला त्या क्षणी ती देणं भागच पडतं, दारात कोणी हात जोडून उभं राहिलं तर काय करणार बिचारा. लग्नघरात तर हे हमखास होतं, दहा वर्षांचं वैर असलेले काका मांडवात पाया पडतात आणि सगळे म्हणतात, जाऊ दे आता, मोठं मन कर. मोठं मन नेहमी ज्याला लागलंय त्यानेच करायचं.

पुढच्या भेटीत मावशींनी त्याला तीनच गोष्टी सांगितल्या. अठ्ठावन्न वर्षांचे होते. दूध घालायला जायचे. आणि तू कोर्टात म्हटलंयस की ते अचानक आडवे आले.

तो म्हणाला ते मी नाही, वकिलाने लिहिलं. पण म्हणे या वेळेला ते वाक्य त्याच्या तोंडातून नीट निघालं नाही.

त्यानंतर त्याने जे केलं त्याला किती किंमत पडते हे कोर्टाचं थोडंफार माहीत असलेल्यांना कळेल. त्याने मामाला निरोप पाठवून बोलावलं, आरसी आणि पॉलिसीचे कागद द्यायला लावले, आणि क्लेम केसमधला आपला जवाब बदलायचा हट्ट धरला, की चूक माझीच होती. ड्रायव्हर दारू प्यायलेला असला तर विमा कंपनी आधी पैसे भरून मग गाडीमालकाकडून वसूल करू शकते, त्यामुळे मामा का टाळत होता ते उघड आहे. मामा ओरडला, वकील ओरडला, अपीलवर परिणाम होईल म्हणाला, आणि ते खरंच होतं. आईने जेलच्या जाळीपलीकडून रडून घेतलं. मावशींनी त्याला हे करायला सांगितलं नव्हतं, उलट त्या घाबरल्या, कारण त्याच्या घरचे आता त्यांच्याच नावाने बोटं मोडणार हे नक्की होतं, आणि तसं झालंही. गल्लीत कोणीतरी म्हणालंच, बघा, मिशनवालीने पोराचं डोकं फिरवलं.

मावशी शुभवर्तमानातल्या जक्कयाचं सांगतात, जकात गोळा करणारा, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, तो झाडावर चढून येशूला बघत होता. येशू त्याला खाली बोलावून म्हणतो, आज मी तुझ्या घरी उतरणार. आधी पैसे परत कर मग येतो असं नाही म्हणत. आधी घरी जातो, आणि मग जक्कय आपणहून म्हणतो की ज्याला फसवलं त्याला चौपट देईन. मावशींच्या पंथात फादरसमोर कबुली द्यायची पद्धत नाही, त्या प्रोटेस्टंट, पण चौपटीवर त्यांचा फार विश्वास. रडणं ठीक आहे, म्हणतात, चौपटीचं काय ते बोल.

क्लेमचा निकाल लागायला बराच काळ गेला. मावशींनी त्या घराचे कागद करून द्यायला मदत केली, झेरॉक्स, अफिडेव्हिट, बँकेचं खातं, मीही दोनतीनदा गेले. त्या बाईने माफ केलं का? नाही. चिठ्ठी तिने कधी मागितली नाही, मावशींनी कधी दिली नाही, शेवटी ती मुलाला परत केली. जवाब बदलल्याचं कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, खोटं काढलं ते बरं केलं, आणि भेटायचं का विचारल्यावर मान हलवली, नाही. राणी मारियाच्या घरच्यांसारखं मन असावं असं म्हणणं सोपं आहे, पण ते कोणी कोणाकडून मागू शकत नाही, आणि मला तर वाटतं की त्या सांवेरच्या बाईचं नाही म्हणणंही तितकंच खरं होतं. मुलाला ते कळवल्यावर तो म्हणाला, बरोबर आहे. चिठ्ठीचं त्याने काय केलं कोण जाणे.

तो आता बाहेर आहे, एका वर्कशॉपमध्ये काम करतो. चर्चमध्ये येतो का हे मी एकदा विचारलं, तर मावशी म्हणाल्या, शनिवारी हनुमानाला जातो, चांगलंय.

परवा मला भाजीच्या गाडीवर भेटल्या, जेलमधूनच येत होत्या, दमलेल्या दिसल्या. म्हटलं काय मावशी, कसं काय? म्हणाल्या, नवीन एक आलाय. अजून वकिलापाशीच आहे. आणि मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत गाडीवाल्याला म्हणाल्या, ही कालची आहे, आजची दे.